परस्पर

मराठीत 'परस्पर' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. 'परस्परांना साह्य' असे आपण म्हणतो तेव्हा एकमेकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसांचे चित्र मनापुढे येते. आणि 'त्याने व्यवहार परस्पर उरकला' असे म्हणतो तेव्हा ज्याच्या कानावर घालावयास हवे होते त्याच्या पाठीमागे केलेले कृत्य अभिप्रेत असते. जहाजमालकांच्या परस्पर विम्याच्या क्लबाचा सभासद म्हणून मी आयुष्याची बावीस वर्षे घालविली, आणि त्या अवधीत माझ्या हातून जो एक मोठा प्रमाद घडला त्याचे याहून नेमके वर्णन मला करता येत नाही की, पहिल्या अर्थाच्या मंडळीत बसून मी दुसऱ्या अर्थाने वागलो. त्या प्रमादापायी माझ्या दोन जहाजांपैकी एक विकावे लागले आणि एका सज्जन कप्तानाचा विश्वास कायमचा गमवावा लागला. ही हकीकत मी आजवर कागदावर उतरविली नव्हती. परंतु अलीकडे किनारी वाहतुकीसाठी जुनी जहाजे आणि बार्जेस विकत घेणारी आपली तरुण मंडळी सल्ल्याला येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की, "काका, पी अँड आयचा विमा सगळ्यांत स्वस्त कुठे मिळेल?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही हकीकत सांगणे मला कर्तव्य वाटते.

आमचे मूळ गाव जयगडच्या खाडीवरचे. आजोबांचे एक गलबत होते. मंगलोरी कौले, मीठ आणि इमारती लाकूड यांची ने-आण करून पावसाळ्याच्या तोंडावर ते खाडीत ओढून शाकारून ठेवीत. त्या गलबताचा विमा कोणी उतरविलेला नव्हता. परंतु एका वर्षी शेजारच्या तांडेलाचे गलबत खडकावर आपटून फुटले, तेव्हा खाडीतील इतर मालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून त्याच्या नव्या गलबताच्या लाकडाची तजवीज केली. आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा एक तपशील कधीही गाळीत नसत: वर्गणी गोळा होण्यापूर्वी त्या तांडेलाला ग्रामदेवतेच्या देवळात उभे राहून गलबत कसे गेले ते खरे खरे सांगावे लागले होते. लहानपणी हा तपशील मला कथेतील अलंकार वाटे. तो कथेचा कणा होता, हे कळण्यास मला पन्नाशी गाठावी लागली.

जहाजाचा विमा म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे बुडते जहाज येते. जहाजाच्या देहाचा आणि यंत्रांचा हा विमा निराळा. त्यात मालकाचे स्वतःचे नुकसान भरून निघते. परंतु जहाज चालत असताना ते दुसऱ्याचे जे नुकसान करते, म्हणजे धक्क्याला धडकते, खलाशी जखमी करते, कोणाचा माल भिजविते, समुद्रात तेल सांडते किंवा बुडून दुसऱ्यांची वाट अडविते, त्या साऱ्या जबाबदारीचा विमा हा स्वतंत्र विषय आहे, आणि जगभर तो मुख्यतः जहाजमालकांच्याच मंडळ्या चालवितात. ही व्यवस्था कोणा एका बुद्धिमंताने बसून आखलेली नाही. ती एकेका ठेचेतून घडत गेली. १७२० च्या कायद्याने इंग्लंडात कंपन्यांच्या पातळीवर सागरी विम्याचा मक्ता दोन सनदी कंपन्यांना मिळाला आणि त्यांच्याशिवाय केवळ व्यक्तिशः विमा देणारे उरले, तेव्हा त्यांच्या दरांनी त्रासलेल्या बंदरोबंदरीच्या मालकांनी आपापसांत मंडळ्या काढल्या आणि एकाचे जहाज गेले की बाकीच्यांनी वाटा उचलावा असा रिवाज घातला. १८२४ साली तो मक्ता उठला आणि या मंडळ्यांचे प्रयोजन सरत आले. पण तोवर नव्या जातीचे ओझे मालकांच्या शिरावर येऊ लागले होते. आपल्या हुगळी नदीत झालेल्या एका टकरीच्या प्रकरणात १८३६ साली इंग्रजी न्यायालयाने निर्णय दिला की, टकरीत दुसऱ्या जहाजाला द्यावी लागलेली भरपाई स्वतःच्या जहाजाच्या विम्यात मोडत नाही. पुढे विमा देणारे अशा भरपाईचा तीन-चतुर्थांश भाग उचलू लागले, परंतु उरलेला चौथा हिस्सा मालकाकडेच राहिला. १८४६ च्या कायद्याने दुसऱ्याच्या हयगयीने मेलेल्या माणसाच्या आश्रितांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. हे उघडे राहिलेले हिस्से झाकण्यासाठी १८५५ साली पहिली 'प्रोटेक्शन' मंडळी निघाली; आणि १८७० साली 'वेस्टर्न होप' हे जहाज दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गमावल्यावर, ठरलेला मार्ग सोडल्याबद्दल त्यावरील मालाची भरपाई मालकाच्या गळ्यात पडली, तेव्हा १८७४ मध्ये मालाच्या जबाबदारीची 'इंडेम्निटी' अशा संरक्षणाला जोडली गेली. पी अँड आय या दोन अक्षरांत संरक्षण आणि भरपाई अशी ही दोन पिढ्यांची कमाई साठविलेली आहे.

या क्लबाला भागधारक नसतात आणि नफा वाटायचा नसतो. जो सभासद तोच विमा देणारा आणि तोच विमा उतरविणारा. संचालक मंडळावर जहाजमालकच बसतात, आणि व्यवस्थापक त्यांच्या वतीने दफ्तर चालवितात. १८९९ पासून क्लबांनी मोठमोठे दावे आपापसांत वाटून घेण्याचा करार केला असून, आज त्या करारातून उभ्या राहिलेल्या संघातील बारा क्लबांच्या छत्राखाली जगातील समुद्रगामी जहाजांचे सुमारे ९० टक्के टनेज आहे. त्यांचे विम्याचे वर्ष २० फेब्रुवारीच्या दुपारी ग्रिनिच वेळेने सुरू होते, कारण हिवाळ्यात गोठलेला बाल्टिक समुद्र मोकळा होऊन जहाजे पुन्हा निघण्याचा तो पूर्वीचा सुमार. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होतो, तशी ही त्यांची समुद्र खुला होण्याची तिथी. हे सर्व मला पाठ होते. नियमावली माझ्या मेजावर होती. मी ती वाचलीही होती. परंतु मी ती वाचली दुकानदाराने छापलेल्या पावतीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत तशी. आपण ज्यांच्याशी शब्दाने बांधले गेलो आहोत अशा माणसांशी केलेली कबुलायत म्हणून ती वाचण्याचे मला कधी सुचले नाही.

प्रसंग १९९० नंतरच्या दशकाच्या मध्याचा. तांदळाची निर्यात नुकतीच खुली झाली होती. बॅलार्ड इस्टेटमधील एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी होती, आणि आमच्या दोहोंपैकी मोठे जहाज काकीनाड्याच्या नांगरवाड्यात पश्चिम आफ्रिकेसाठी तांदूळ भरीत होते. तिथे त्या काळी जहाज धक्क्याला लागत नसे. किनाऱ्यावरून पडावांत पोती भरून आणावयाची आणि जहाजाच्या दोरांनी उचलून खणांत उतरावयाची, अशी रीत. ऑक्टोबर सरत होता आणि पूर्व किनाऱ्यावरचा पाऊस सरत नव्हता. एके दिवशी दुपारी एजंटाच्या कचेरीतून कप्तानाचा फोन आला. गृहस्थ वेंगुर्ल्याचे, वयाने माझ्याहून वडील, आणि शब्द जपून खर्च करणारे.

"साहेब, ताडपत्र्या अपुऱ्या पडल्या. दोन पडावांतली पोती वरून भिजलीत. हात लावला की ओल लागते. मेटने पावतीवर तसा शेरा मारलाय, आणि तोच शेरा बिलावर यायला हवा."

"किती पोती असतील, कॅप्टनसाहेब?"

"साडेतीन हजार. पण आकड्याचा प्रश्न नाही, साहेब. एकतर ती पोती परत पाठवू, नाहीतर शेरा राहू दे."

वाचकांपैकी ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जहाजावर माल चढला की मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, त्याची पावती देतो, आणि त्या पावतीवरून 'बिल ऑफ लेडिंग' तयार होते. हे बिल म्हणजे मालाची पोच, वाहतुकीचा करार आणि मालावरील हक्काचा दस्तऐवज असे तिन्ही एकत्र. हजारो मैलांवरचा खरेदीदार आणि त्याची बँक माल डोळ्यांनी पाहत नाहीत. ते या कागदावर विश्वासून पैसे मोजतात. मालाविषयी त्यावर काही वाईट शेरा नसेल तर ते 'स्वच्छ' बिल, आणि पतपत्राखाली, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या लेखी हमीखाली, पैसे देण्यास बँकेला स्वच्छच बिल लागते.

आमच्या निर्यातदाराच्या पतपत्राची मुदत दोन दिवसांत संपत होती. आमचे भाडेही बिलावर सही झाल्यावरच मिळावयाचे होते, आणि त्याच आठवड्यात माझ्या कर्जाचा हप्ता भरावयाचा होता. संध्याकाळी दलाल कचेरीत आला आणि त्याने सुचविले की, निर्यातदार हमीपत्र लिहून देतो. स्वच्छ बिलामुळे उद्या मालकाला काही तोशीस लागली तर ती सारी निर्यातदार भरून देईल. "शेट, सगळेच घेतात असं पत्र," तो म्हणाला, आणि त्याने खोटे सांगितले असे मी आजही म्हणणार नाही, कारण पुष्कळ जण घेतात हे खरेच आहे. मी कप्तानाला फोन केला आणि म्हटले, "बिल स्वच्छ द्या. जबाबदारी माझी." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "माझी सही नको, साहेब. एजंटाला अधिकार द्या, आणि मला लेखी पाठवा." मी त्यांना टेलेक्सने हुकूम पाठविला, एजंटाला सहीचा अधिकार दिला, हमीपत्र तिजोरीत ठेवले, आणि क्लबाला यांतील अवाक्षरही कळविले नाही. सारे काही परस्पर उरकले.

जहाज आफ्रिकेला वळसा घालून पाच आठवड्यांनी पोहोचले. खणांची झाकणे उघडली तेव्हा, कप्तानाने पुढे सांगितल्याप्रमाणे, पहिल्यांदा वर आला तो आंबूस वास. ओली पोती आपल्यापुरती ओली राहत नाहीत. बंद खणात उकाड्याने त्यांतील पाणी वाफ होऊन वरच्या पत्र्याला धरते आणि थेंबाथेंबाने कोरड्या पोत्यांवर पडत राहते. साडेतीन हजारांची अकरा हजार पोती झाली होती. कित्येकांतील तांदूळ विटेसारखा घट्ट होऊन त्यावर बुरशी आली होती. माल घेणाऱ्याच्या हातात तर आमचे स्वच्छ बिल होते. त्याने तेथील न्यायालयातून जहाजाची जप्ती आणली आणि साडेतीन लाख डॉलरांचा दावा लावला.

अशा वेळी क्लब काय करतो, तर जगातील बहुतेक मोठ्या बंदरांत त्याचे मुखत्यार असतात; त्यांच्यामार्फत तो पाहणीदार नेमतो, वकील देतो, आणि दावेदाराला आपले जामीनपत्र देऊन जहाज सोडवून घेतो. या जामीनपत्राची पत इतकी असते की, बहुतेक ठिकाणी त्यावर जहाज सुटते आणि मालकाला रोख रक्कम गुंतवावी लागत नाही. मी त्याच जामीनपत्राची वाट पाहत होतो. त्याऐवजी क्लबाची पृच्छा आली: मेटच्या पावतीची प्रत पाठवा, आणि बिलाच्या संबंधात कोणाकडून हमीपत्र घेतले असल्यास कळवा. मी चार दिवस उत्तर दिले नाही. त्या चार दिवसांत मी नियमावलीतील ते कलम पुन्हा वाचले, आणि त्यात जे पूर्वीही लिहिलेले होते ते प्रथमच दिसले: मालाचे वर्णन खोटे आहे हे सभासदाला ठाऊक असताना दिलेल्या बिलातून उद्भवणारी जबाबदारी क्लबाच्या विम्यात येत नाही. पाचव्या दिवशी मी सारे खरे लिहून पाठविले. जामीनपत्र नाकारले गेले.

मग मी तिजोरीतून हमीपत्र काढले. निर्यातदाराने हात वर केले, आणि माझ्या वकिलांनी मला सांगितले की, आमच्या करारास लागू असलेल्या इंग्रजी कायद्यापुढे ते पत्र उभे राहण्याची आशा नाही. लंडनहून हँबुर्गला निघालेल्या संत्र्याच्या रसाच्या गळक्या पिंपांविषयी असेच स्वच्छ बिल आणि असेच हमीपत्र दिले गेले होते. त्या प्रकरणात १९५७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बहुमताने ठरविले की, तिसऱ्याला फसविण्याच्या कृत्याबद्दल दिलेली भरपाईची हमी न्यायालय वसूल करून देणार नाही. जे पत्र मी विमा समजून जपून ठेवले होते ते माझ्याच अपराधाची लेखी कबुली होते.

याच काळात घडलेली एक गोष्ट मात्र मला अधिक काही शिकवून गेली. जप्तीच्या बाराव्या दिवशी हर्णैचा एक तरुण खलाशी तापाने फणफणला. हिवताप मेंदूवर चढला होता. कप्तानाने क्लबाच्या स्थानिक मुखत्याराला रात्री फोन केला, आणि ज्या क्लबाने मला जामीन नाकारला होता त्याच क्लबाच्या माणसाने मध्यरात्री गाडी आणून त्या मुलाला इस्पितळात पोहोचविले, खर्चाची हमी दिली, रोज सकाळी त्याची खबर घेतली, आणि तो उठून बसू लागल्यावर सोबतीला माणूस देऊन त्याला मुंबईला पाठविले. यासाठी मला एक पत्रही लिहावे लागले नाही. माझ्यावर राग धरणारी संस्था असे वागली नसती. खलाशाच्या आजाराची जबाबदारी आम्ही सर्व सभासदांनी प्रामाणिकपणे एकमेकांची मानलेली होती, म्हणून ती विनाअट पाळली गेली. खोट्या बिलाची जबाबदारी कोणीच कोणाची मानलेली नव्हती.

तरीही मी संचालक मंडळाकडे सवलतीची याचना केली, कारण नियमाबाहेरच्या काही खर्चांचा विचार करण्याचा विवेकाधिकार मंडळाला असतो. आठ पानांचे ते पत्र मी मोठ्या आर्जवाने लिहिले होते. उत्तर एका पानाचे आले, आणि त्याचा आशय असा: अशीच हमीपत्रे नाकारून ज्या सभासदांनी भाडे गमावले, माल दुसऱ्या जहाजाकडे जाऊ दिला, त्यांच्या वर्गणीतून आपली भरपाई करावी असे आपण आम्हांस सुचविता काय? हे वाचून मी कचेरीचे दार लावून घेतले. तोपर्यंत 'क्लब' म्हणजे मला लंडनमधील एक इमारत वाटत होती. त्या एका वाक्याने तिच्या जागी माणसे उभी राहिली: कुठल्याशा बेटावरचा कोणी, उत्तर समुद्राकाठचा कोणी, माझ्यासारखाच हप्त्याच्या विवंचनेत असलेला कोणी, आणि त्या प्रत्येकाच्या खिशात मी त्याच्या नकळत हात घातला होता. देवळात उभे राहून खरे सांगणारा तो तांडेल मला त्या दिवशी आठवला.

छत्तीस दिवस जहाज अडकून पडले. बँकेची हमी मिळविण्यासाठी मी आमचे धाकटे जहाज पडत्या भावात विकले. मोठे जहाज सुटून परत आले तेव्हा कप्तान कचेरीत आले, खुर्चीवर न बसता म्हणाले, "साहेब, बोट सुखरूप आणली. आता मला मोकळं करा." मी त्यांना थांबविण्याचा प्रयत्न केला नाही, कारण माझ्या शब्दाला त्यांच्यापुढे किंमत उरली नव्हती.

आता जे सांगावयाचे ते नव्या मालकांना, आणि त्यांच्या जहाजांवर जाणाऱ्या कोकणातील असंख्य अधिकाऱ्यांना आणि खलाशांनाही.

सर्वप्रथम हे समजून घ्या की, क्लबाला देता तो हप्ता नसून वर्गणी आहे. वर्षारंभी घेतात ती आगाऊ. त्या वर्षीचे दावे अंदाजाबाहेर गेले तर पुरवणी वर्गणी मागितली जाते, आणि एका वर्षाचा हिशेब पुरता मिटावयास साधारण तीन वर्षे लागतात. क्लब मध्येच सोडावयाचा असेल तर पुढील पुरवणीच्या मोबदल्यात ठराविक रक्कम भरून मोकळे व्हावे लागते. म्हणून आगाऊ वर्गणी भरल्याबरोबर विम्याचा खर्च वहीत मिटला असे मानू नका. पुरवणीसाठी काही रक्कम वेगळी ठेवा. वर्गणी थकली तर सभासदत्व जाते, आणि थकबाकीदाराचे मागचे दावेही धोक्यात येऊ शकतात.

कागदाच्या खरेपणाविषयी मी जे भोगले त्यापुढे अधिक काय सांगू? मेटच्या पावतीवरचा शेरा बिलावर जसाच्या तसा उतरू द्या. बिलावर मागची तारीख घालू नका. मूळ बिल हाती आल्यावाचून माल कोणाच्याही हवाली करू नका, मग तो हमीपत्राचे कितीही जाड बाड घेऊन आला तरी. तशा रीतीने हवाली केलेल्या मालाची जबाबदारीही सामान्यतः विम्याबाहेर राहते. हे केवळ स्वतःशी ठरवून भागत नाही. मालकाने आपल्या कप्तानाला लेखी ताकीद द्यावी की, याविरुद्ध माझा स्वतःचा हुकूम आला तरी तो मानू नये. संकटाच्या संध्याकाळी मालकाचे मन दुबळे होते. तेव्हा शांतपणी दिलेली ती ताकीदच त्याला त्याच्यापासून वाचविते. आणि तरुण अधिकाऱ्यांनो, तुमच्यावर असा हुकूम आलाच तर माझ्या कप्तानाप्रमाणे तो लेखी मागा, सही आपली देऊ नका, आणि त्यांच्याहून एक पाऊल पुढे जाऊन बंदरातील मुखत्याराला कळवा.

अपघात झाला, माल खराब दिसला, माणूस जखमी झाला की पहिल्या तासात क्लबाला इत्तला द्या. मुखत्यारांची यादी कप्तानाच्या खोलीत नजरेसमोर लावलेली असावी. पाहणी क्लबाच्या माणसापुढे होऊ द्या. छायाचित्रे, नमुने, लॉगबुक जपा. आणि क्लबाच्या संमतीवाचून कोणापाशीही दोष कबूल करू नका की तडजोडीचा आकडा उच्चारू नका. माझे ते चार दिवसांचे मौन नसते तरी निकाल बदलला नसता हे खरे. परंतु माल भरतानाच, त्या पावसाळी दुपारी, मी एक फोन केला असता तर मुखत्याराने भिजलेली पोती वेगळी काढविली असती आणि दावाच उद्भवला नसता.

रोकड हाताशी ठेवा. क्लबाचा विमा तत्त्वतः भरपाईचा आहे: सभासदाने आधी दावेदाराला पैसे द्यावयाचे आणि मग क्लबाकडून घ्यावयाचे. 'फँटी' आणि 'पाद्रे आयलंड' या दोन जहाजांच्या प्रकरणांत मालक दिवाळखोर झाल्यावर मालाच्या धन्यांनी थेट क्लबांवर दावा लावला, तेव्हा १९९० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व कायम केले. व्यवहारात क्लब जामीनपत्र देऊन सभासदाला सावरतो. परंतु ज्याचा विमा शाबूत आहे त्यालाच.

जहाजाची बांधणी आणि देखभाल तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेच्या नोंदीत ते नीट ठेवा, आणि मालकी, व्यवस्थापन, मालाचा प्रकार किंवा फिरण्याचा टापू यांत बदल झाला तर तोही कळवा. क्लबाला आपल्या घरातील बातमी शेजाऱ्याकडून समजू नये.

आणि आता तो पहिला प्रश्न, स्वस्ताईचा. ठराविक हप्त्यावर हा विमा विकणारेही पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येक सचोटीचे असून लहान जहाजाला ते सोयीचे पडतात. परंतु केवळ आकडा पाहून प्रमाणपत्र घेऊ नका. ते देणाऱ्याची दावे फेडण्याची ऐपत पाहा, आणि नौवहन महासंचालनालयाला तो मान्य आहे की नाही याची रुजवात करून घ्या. जबाबदारीला धनी नसला म्हणजे काय होते ते आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. जून २००० मध्ये गोव्यात कांदोळीच्या वाळूत रुतलेली 'रिव्हर प्रिन्सेस' बारा वर्षे तेथे गंजत राहिली. २०११ च्या एकाच पावसाळ्यात 'विस्डम' आणि 'पवित' ही जहाजे मुंबईच्या जुहू किनाऱ्याला येऊन लागली, आणि ऑगस्टमध्ये 'राक कॅरियर' हे कोळशाचे जहाज मुंबईसमोर बुडून त्याचे तेल किनाऱ्यावर पसरले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने भारतीय बंदरांत येणाऱ्या जहाजांना अशा जबाबदारीचा विमा सक्तीचा करणारे नियम काढले. नैरोबी येथे २००७ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही ३०० टन आणि त्यावरील जहाजांवर, बुडाल्यास ते काढण्याच्या खर्चाचा विमा बंधनकारक केला आहे. बुडालेले जहाज उचलण्याचा खर्च पुष्कळदा त्या जहाजाच्या किमतीहून अधिक असतो. म्हणून स्वस्त प्रमाणपत्र घेणारा मालक आपल्या हप्त्यातून वाचलेले पैसे किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या आणि करदात्यांच्या नावे लिहीत असतो.

मेटच्या त्या पावतीची कार्बनप्रत माझ्या मेजाच्या खणात आहे. शाई उडत चालली, कडा पिवळ्या पडल्या. तरी 'साडेतीन हजार पोती ओली' अशा अर्थाची तिच्यावरील इंग्रजी ओळ अजून वाचता येते. सल्ल्याला आलेल्या तरुणाच्या हाती नियमावली देण्यापूर्वी मी ही प्रत देतो आणि विचारतो, "हा शेरा तुमच्या मेटने मारला आहे, बँकेची मुदत परवा संपते, भाडे अडले आहे, आणि दलाल दारात उभा आहे. तुम्ही काय कराल?" कोणी हमीपत्राचा मसुदा अधिक बळकट कसा करता येईल ते सांगू लागतो, कोणी भिजलेल्या पोत्यांचे प्रमाण टक्क्यांत काढतो. गेल्या महिन्यात देवगडचा एक मुलगा आला होता. वडिलांच्या मासेमारीच्या नौका विकून त्याने सिमेंट वाहण्यासाठी एक जुने किनारी जहाज घ्यावयाचे ठरविले आहे. त्याने पावती दोनदा वाचली आणि म्हणाला, "काका, आधी क्लबाला फोन करीन. पोती त्यांचीही आहेत ना?"

मी नियमावली त्याच्यापुढे सरकविली, आणि मग आम्ही वर्गणीच्या आकड्यांकडे वळलो.